कच्च्या दोऱ्याचा खिसा

गार्डन रीच, कलकत्ता
११ जून १९७४

ती. स्व. दादास,

नमस्कार घातला आहे. घ्यायचा की नाही ते तू ठरव.

एप्रिलमध्ये तू लिहिलंस की यापुढे माझं पाकीट सोलापूरला आलं तर ते न फोडताच चुलीत जाईल. म्हणून पाकीट पाठवत नाही. ही तीन कार्डं आहेत, वर नंबर घातलेत. कार्ड फोडावं लागत नाही आणि चुलीपर्यंत नेताना एखादी ओळ नजरेखालून जातेच. पोस्टमन वाचेल, तर वाचू दे.

शैला परवा पोचली. रेल्वेचा संप मिटल्यापासून गाड्यांना अशी झुंबड आहे की नागपूरपासून पोरगी ट्रंकेवर बसून आली. तब्येत ठीक आहे. आल्या दिवशी जेवली आणि जी झोपली ती दुसऱ्या दिवशी दुपारी उठली.

हावड्याच्या पंपांच्या कारखान्याची जाहिरात कापून तिला पाठवली ती मीच, हे मी कधी नाकारलं नाही. डिप्लोमाच्या वर्गात ती एकटी मुलगी, एक वर्ष शिकाऊ म्हणून घेतात, पुढे नोकरी देतात, वर आत्याचं घर जवळ. गिरणीतल्या रंगमास्तराची लेक यंत्रावर उभी राहणार म्हणून तुला आनंदच होईल असं मला वाटलं होतं. तू काय म्हणालास ते तिने मला सांगितलं. "पँट घालून पुरुषांत यंत्रावर उभी राहणारी मुलगी माझी नाही." ती निघाली तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून बसला होतास, हेही सांगितलं. तक्रार म्हणून नाही. नुसतं सांगितलं आणि मग विचारलं, आत्या, तू साबण कुठे ठेवतेस.

तिसरं कार्ड संपत आलं. मुलगी सुखरूप आहे. एवढी ओळ तरी चुलीत घालू नकोस.

तुझी शकुन


२८ जून १९७४

दादा,

कार्डांना उत्तर नाही. ती जळली असं धरून चालते आणि आता सरळ पाकीटच पाठवते.

कारखाना नदीच्या पलीकडे, शिबपूरच्या बाजूला आहे. शैला सकाळी मेटियाबुरूजच्या घाटावरून लाँचने जाते. तिथले फोरमन पाकडाशीबाबू म्हणून आहेत, साठीला आलेले, सतत पान खाणारे. पहिल्या दिवशी तिची साडी बघून त्यांनी कपाळाला हात लावला. त्यांच्या लेथवर आजवर बाईमाणूस उभं राहिलेलं नाही. गंमत म्हणजे मुलगी नको असं ते म्हणाले नाहीत, साडी नको म्हणाले. पदर नको, ओढणी नको, सैल बाही नको. एक ऑगस्टपर्यंत नीट कपडे करून आण, तोवर ड्रॉइंगच्या खोलीत बस. नाही जमलं तर वर्षभर तिथेच बस. म्हणजे वर्ष फुकट, कारण यंत्रावर हात न चाललेल्या शिकाऊला पुढे कोण घेणार?

कारखान्याच्या स्टोअरमधून तिला पुरुषांची निळी डंगरी मिळाली. मागून बसेल अशी घ्यावी तर कमरेत दुसरी शैला मावते, कमरेत बसेल अशी घ्यावी तर मांड्यांच्या वर चढत नाही. आमचे हे पेपर तोंडासमोर धरून बसले होते, पण पेपर हलत होता, म्हणजे हसत होते.

तेव्हा कपडे शिवूनच घ्यायचे ठरले. तुम्ही गिरणीत ज्या कापडाला डंगरी म्हणता त्याला शैला डेनिम म्हणते. पार्क स्ट्रीटला हल्ली कॉलेजच्या मुली त्याच्या पँटी घालून फिरतात. जहाजावरून उतरलेल्या असल्या पँटी खिदिरपूरला मिळतात, पण त्यांचा खालचा घेर एवढा की पाय यंत्रात जायच्या आधी घेरच जाईल. शेवटी बडाबाजारातून सहा वार जाड निळं कापड आणलं.

घरी आणून उलगडलं आणि मला एकदम तुझं रंगखातं आठवलं. मी दहा वर्षांची, तू नुकताच कामाला लागलेला, मी तुझा डबा घेऊन यायचे. हौदातून सुताच्या लडी वर यायच्या त्या पिवळट हिरव्या. तू म्हणायचास, आता बघ. आणि मी बघत असतानाच त्या हवेत निळ्या व्हायच्या. मग पुन्हा हौदात, पुन्हा हवेत. एकदाच काय ते रात्रभर बुडवून का ठेवत नाहीस, असं मी विचारलं होतं. तू म्हणालास, तसा रंग चढत नसतो, बुडवायचं थोडं आणि हवा द्यायची जास्त, अशा आठ वेळा. मग ते निळे धागे मागावर उभे लावायचे आणि आडवा धागा पांढराच ठेवायचा, तो तीन निळ्यांच्या खालून जातो आणि एकाच्या वरून, म्हणून कापड बाहेरून निळं दिसतं आणि आतून पांढरं. बघ, सगळं लक्षात आहे.

शिंपी आहे मेटियाबुरूजचा नूरुल उस्तागर. इकडे मोठ्या शिंप्याला उस्तागर म्हणतात. माप तो घेत नाही, त्याची बायको पडद्याआड घेते आणि आतून आकडे ओरडते, हा बाहेर खडूने लिहितो. नंतर त्याने शैलाला एकदाच चालून दाखवायला सांगितलं आणि दोन आकडे पुसून बदलले. बायकांच्या पँटीची चेन डाव्या बाजूला असते म्हणून तो अडून बसला होता. शैला म्हणाली पुढेच हवी, बाजूला मला खिसा हवा आहे. अर्धा तास वाद झाला आणि ती जिंकली. हट्टाच्या बाबतीत ती कोणावर गेली आहे ते मी लिहीत नाही.

रंग पक्का बसावा म्हणून कापड देण्याआधी मी एक रात्र मिठाच्या पाण्यात भिजवून ठेवलं, आई नवं लुगडं ठेवायची तसं.

शकुन


८ जुलै १९७४

दादा,

आज मला तुझी गरज आहे. तेव्हा भांडण दहा मिनिटं बाजूला ठेव, नंतर पुन्हा घे.

पँट शिवून आली तेव्हा अशी बसली होती की उस्तागर स्वतःवरच खूष होता. कारखान्यात नेण्याआधी एकदा धुऊन घ्यावी म्हणून मी ती सोडा घालून बंबाच्या कढत पाण्यात टाकली. मिठाने रंग पक्का झालाय या भरवशावर ह्यांचे चार पांढरे शर्टही त्यातच टाकले. आता ह्यांच्याकडे चार निळे शर्ट आहेत. दुसऱ्या दिवशी ह्यांच्या ऑफिसात जनरल मॅनेजरसाहेबांची तपासणी होती आणि त्यातल्या त्यात फिका शर्ट घालून हे गेले. साहेबांनी विचारलं म्हणे, की मनोहरबाबू, हा नवीन गणवेश कधी निघाला.

शर्टांचं जाऊ दे. पँट घोट्याच्या वर वीतभर चढली. कंबरेचं बटण लागत नाही. वर डावा पाय असा पिळला गेलाय की बाजूची शिवण पुढे गुडघ्यावर आली आहे. उस्तागर म्हणतो कापडाचा दोष, कापडवाला म्हणतो धुण्याचा दोष, आणि धुणारी मी. तीन आठवडे उरलेत आणि शैला अजून ड्रॉइंगच्या खोलीत पेन्सिलींना टोक काढते आहे.

हे कापड आटू नये म्हणून काय करतात? पाय का पिळतो? यंत्रावर उभं राहायच्या कपड्यांत आणखी काय बघावं लागतं? पाकडाशीबाबू सांगतात ते पुरुषांचं. तू अठ्ठावीस वर्षं गिरणीत बायकाही बघितल्यास आणि यंत्रंही. शैला तुला मरेपर्यंत विचारणार नाही, म्हणून मी विचारते.

आणखी एक कबूल करून टाकते. मी तिला सांगितलं की तुझं कार्ड आलं होतं, त्यात तू तिची तब्येत विचारली होतीस. ती बरं म्हणाली. कार्ड दाखव म्हणाली नाही. म्हणजे तिला कळलं असणार, आणि कळूनही ती मला खोटं पडू देत नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं.

शकुन


३० जुलै १९७४

दादा,

तुझं कार्ड आलं. माझ्याशी बोलायचं नाही म्हणून तू ते ह्यांच्या नावाने पाठवलंस. सेहेचाळीस उलटली तरी बहिणीशी कट्टी ती कट्टीच. तरीही ते हातात पडलं तेव्हा मी दारातच उभ्याने दोनदा वाचलं.

तुझंच कार्ड तुला उतरवून पाठवते, म्हणजे तुला कळेल तू काय लिहितोस.

"श्री. मनोहरराव यांस. कापड कापण्याआधी सोडा घालून उकळत्या पाण्यातून दोन वेळा काढावे. मीठ घालू नये, उपयोग नाही. निळीचा रंग धाग्याच्या आत शिरत नाही, वर बसतो, तो जातच राहील. कपडे वेगळे धुवावेत. पाय पिळतो तो तिरक्या विणीमुळे, धुऊन मग कापल्यास कमी पिळेल. कमरेला पट्टा नको, नाडी नको. खालची दुमड आत घेऊन शिवावी. खिसे वरून लावावेत आणि एकेरी कच्च्या सुती दोऱ्याने लावावेत. हे शेवटचे विसरू नये. श्यामराव."

ना आशीर्वाद, ना शैलाचं नाव. पण उत्तर आलं.

पुन्हा कापड आणलं, दोनदा उकळलं, स्वयंपाकघरात दोन दिवस निळी वाफ होती. उस्तागरने नव्याने कापलं. पट्टा नाही, दुमड आत, सगळं तुझ्या शब्दाप्रमाणे. फक्त खिशापाशी त्याचं डोकं फिरलं. हातातली कात्री खाली ठेवून म्हणाला, "दीदी, चालीस साल में हमारा सिलाई एक जगह नहीं खुला. कच्चा धागा से हम नहीं सियेगा." आणि त्याने खिसे दुहेरी शिवणीने, वर कोपऱ्यांना जास्तीचे टाके घालून लावले. खरं सांगते, मला त्याचंच बरोबर वाटलं. फाटणारा खिसा कोण मुद्दाम शिवून घेतं? मी त्याला काही बोलले नाही आणि तुझी ती ओळ सोडून द्यायची असं मनाशी ठरवलं.

संध्याकाळी शैलाने ह्यांच्या टेबलावरून कार्ड उचललं. तीन वेळा वाचलं असेल. मग माझ्या शिवणाच्या डब्यातलं ब्लेड घेतलं आणि खिडकीशी बसून चारी खिसे उसवायला लागली. उस्तागरची शिवण ती, निघता निघेना. मी म्हटलं, अगं, चांगले लागलेत, कशाला? ती वर न बघता म्हणाली, "बाबांनी सांगितलंय."

कच्चा दोरा घरात एकच होता, वटपौर्णिमेचा उरलेला. इथे आम्ही मंडळाच्या बायका बोटॅनिकल गार्डनच्या त्या प्रचंड वडाला जातो. त्याचं मूळ खोडच आता नाही, नुसत्या पारंब्यांचं रान झालंय, आणि सात फेरे घालायचे म्हणजे अर्धा दिवस चालावं लागेल. दर वर्षी आम्ही एका पारंबीला दोरा गुंडाळून माळी बघायच्या आत निघून येतो, त्यामुळे रीळ उरतंच. त्या दोऱ्याने आम्ही दोघींनी दोन-दोन खिसे लावले.

परवापासून ती लेथवर. कार्ड तिच्या वहीत आहे, ह्यांनी मागितलं तरी देत नाही.

शकुन


१५ ऑगस्ट १९७४

दादा,

शैला सुखरूप आहे. पुढचं वाचण्याआधी ही ओळ पुन्हा वाच. दहाही बोटं, दोन्ही हात, दोन्ही पाय जागच्या जागी आहेत आणि आत्ता ती समोर बसून लसूण सोलते आहे. तार करणार होते, पण तार म्हटलं की वहिनी फोडायच्या आधीच रडतील.

काल दुपारी ती लेथवर होती. हात पुसायला कापसाची चिंधी लागते, ती तिने उजव्या खिशात खोचली होती आणि एक टोक बाहेर लोंबत होतं. खोचू नये असं पाकडाशीबाबूंनी सांगितलेलं, सगळेच खोचतात. माप घ्यायला ती वाकली आणि फिरत्या भागाने चिंधी धरली. चिंधीबरोबर खिसा. ती म्हणते, कोणी तरी कमरेला धरून हिसडा दिल्यासारखं झालं, समोर लोखंड आलं, आणि मग टर्र असा आवाज आला आणि ती मागे दोन पावलं जाऊन उभी होती. खिसा यंत्रावर गरगर फिरत होता. तिच्या मांडीवर खिशाच्या आकाराचा गडद निळा चौकोन राहिला होता, आणि कमरेवर एक वळ उठलाय, बाकी काही नाही.

पाकडाशीबाबूंनी यंत्र बंद केलं. खिसा सोडवून घेतला, कडेचा तुटलेला दोरा बोटांत धरून बघितला आणि तिला विचारलं, हे कोणी सांगितलं. ती म्हणाली, बाबांनी. मग ते तिला लाँचने घेऊन दारापर्यंत सोडायला आले, चहाला आत आले नाहीत, पण मला बाजूला घेऊन म्हणाले की शिवण पक्की असती तर मी आज तुमच्याकडे कोणत्या तोंडाने आलो असतो. उस्तागरला मी सकाळी खिसा नेऊन दाखवला. त्याने तुटलेला दोरा बोटांनी चाचपला. मग आत गेला आणि बायकोकडून कच्च्या दोऱ्याचं रीळ मागून घेतलं.

दादा, मला रात्रभर दुसरं काही सुचत नव्हतं. मी ती ओळ सोडून देणार होते. शहाणपणा करून सोडून देणार होते. पोरीने ऐकलं म्हणून ती आज इथे आहे. तुझी माफी मागते, आणि ही माफी एप्रिलसाठी नाही, ह्या खिशासाठी आहे.

पण तुला कसं माहीत होतं? दुसरं सगळं कोणीही मिलवाला सांगेल. हे शेवटचं विसरू नये असं तू का लिहिलंस?

शकुन


३० ऑगस्ट १९७४

दादा,

तुझं पत्र मिळालं. पाकिटावर माझं नाव होतं.

पत्र वाचून झाल्यावर मी ते शैलाला द्यावं की नाही याचा दोन दिवस विचार केला. मग दिलं. तुझ्या परवानगीशिवाय दिलं, त्याबद्दल रागाव.

सरलाबद्दल तू घरात कधी बोलला नव्हतास. एक्कावन्न साली मी सोलापुरातच होते, पंधरा वर्षांची. गिरणीत कोणी बाई गेली एवढं कानावर आलं होतं. ती सूत गुंडाळण्याच्या खात्यातली होती, तिचं लुगडं यंत्राच्या पट्ट्यात गेलं, आणि तू सगळ्यांत जवळ होतास, हे मला आता कळतं आहे. तू लिहिलंस की पट्टा बंद करणारा दांडा दहा पावलांवर होता आणि तू ती दहा पावलं तेवीस वर्षं चालतो आहेस. पुढे तिथल्या एका म्हाताऱ्या मुकादमाने बायकांच्या झंपरांचे खिसे आणि पट्ट्या कच्च्या दोऱ्याने शिवून घ्यायला लावले, ते तू बघितलंस आणि लक्षात ठेवलंस.

आणि एवढं सगळं पोटात ठेवून तू पोरीला पँटीबद्दल बोललास. अरे, पँट तर तुला हवीच असायला पाहिजे होती. तूच पुढे लिहिलंस म्हणून बरं: "लोक काय म्हणतील हे बोलायला सोपं होतं. मला भीती वाटते हे तोंडातून निघालं नाही. तिने साडी नेसून जावं असं नव्हतं, तिने जाऊच नये असं होतं." दादा, मी तुला चार महिने मनातल्या मनात जुनाट म्हातारा म्हणत होते. एकदा ह्यांच्यापुढे मोठ्यानेही म्हटलं. ते परत घेते.

शैलाने पत्र वाचलं आणि ती गच्चीवर गेली. अर्ध्या तासाने खाली आली, डोळे सुजलेले होते. मी विचारलं, सोडायचं का काम. तुला तिचं उत्तर हवं असेल, म्हणून जसंच्या तसं लिहिते. "नाही आत्या. पण बाबांना म्हणावं, एकदा येऊन माझं यंत्र बघून जा. त्यांनी बघितलं की मला धीर येईल."

तू ये म्हणून मी सांगत नाही. मी सांगितलं की तू उलटं करतोस हे मला लहानपणापासून माहीत आहे. तिचा निरोप तेवढा पोचवला.

शकुन


२८ सप्टेंबर १९७४

सौ. शारदावहिनींस,

नमस्कार. या वेळचं पत्र तुम्हाला लिहिते आहे, कारण ज्याला लिहायचं तो माझ्याच घरात आहे.

काल दुपारी दादा पोचला. शैलाचा बेत असा होता की कारखान्यातून परस्पर हावडा स्टेशनला यायचं, बायकांच्या वेटिंग रूममध्ये साडी नेसायची आणि मग त्याच्यासमोर उभं राहायचं. साडी पिशवीत घालून नेली होती. संप मिटल्यापासून एक गाडी वेळेवर आली नसेल, नेमकी काल आली. ती फलाटावर धावत आली ती कामाच्या कपड्यांतच, गुडघ्यावर तेलाचे डाग, केस रुमालात बांधलेले, आणि दादा समोर उतरला.

वहिनी, मी आधीच फलाटावर येऊन उभी होते. त्याने तिला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. ती तिथेच थांबली, पायाही पडेना. मग ह्या माणसाने हातातली पिशवी खाली ठेवली, सगळी माणसं दोन्ही बाजूंनी जात असताना फलाटावर एक गुडघा टेकून बसला आणि तिच्या पँटीचं खालचं टोक उलटं करून बघायला लागला. कापड दोन बोटांत चोळलं. आतली बाजू बघितली. शिवणीवरून नख फिरवलं. मग वर उजव्या खिशाची कड हलकेच ओढून बघितली, टाके कच्चे आहेत ना ते.

"हे कापड आमचं नाही," तो खाली बसूनच म्हणाला. "पाचच बुड्या दिल्यात. मी आठ दिल्या असत्या."

शैला म्हणाली, "मग द्या ना, बाबा."

तेव्हा कुठे तो उठला. उठताना तिच्या खांद्याचा आधार घेतला आणि तो हात टॅक्सीत बसेपर्यंत काढला नाही. माझा जीव भांड्यात पडला. रडले मीच, ते दोघे आपले बुड्यांचं बोलत होते.

आज सकाळी तो तिच्याबरोबर लाँचने कारखान्यात गेला. पाकडाशीबाबूंना हिंदी येतं ते असं आणि ह्याला येतं ते तसं, पण दोघांनी म्हणे लेथ उघडून, पट्टा काढून, बंद करण्याचा खटका पंचवीस वेळा दाबून पाहिला. खटका शैलाच्या हाताच्या अंतरावर आहे. ह्याने ते अंतर स्वतः वितीने मोजलं. मग पाकडाशीबाबूंनी ह्याला पान दिलं. पुढच्या महिन्यात आणखी दोन मुली घेणार आहेत, त्यांच्या कपड्यांचं कसं करायचं ते लिहून द्या म्हणाले. ह्याने तिथेच एका कागदावर लिहून दिलं, उस्तागरचा पत्ताही दिला.

बारा वाजता एकटा परत आला. मी पान वाढलं तर दोन घासांनंतर थांबला आणि म्हणाला, यंत्र चांगलं आहे. मग जेवला. तुमच्या हातची सवय आहे तरी तीन पोळ्या खाल्ल्या, काळजी करू नका. तुम्ही इथे असतात तर चार महिन्यांनी हा माणूस नीट जेवतो आहे असं तुम्हीच म्हणाला असतात.

तुम्हाला सांगायची गोष्ट वेगळीच आहे. कारखान्यातून निघताना तो तिला काय म्हणाला ते मी विचारण्याआधी त्यानेच सांगितलं, आणि अगदी सहज सांगितलं. परत ये म्हणाला नाही, जपून कर म्हणाला नाही. विचारलं, "सुटतेस किती वाजता?"

ती साडेपाचच्या लाँचने येते. घाट इथून दहा मिनिटांवर आहे. आत्ता सव्वातीन झालेत आणि दादा बूट घालून दारातल्या खुर्चीवर बसला आहे. दोनदा विचारून झालं, निघायचं का. तेव्हा पत्र इथेच आटपते. वाट त्याला सकाळीच कळली आहे, तरी बरोबर जायला हवं.

तुमची शकुन